फोकसपुरती उभी केलेली बाई

साकोली
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. गुड्डी हिस,

आज पहाटे जाग आली ती दातांच्या आवाजाने. माझ्या नव्हे, माझे आता बशीत असतात. पासष्ट वर्षांपूर्वीच्या दातांच्या. चौथीचा वर्ग, शेणाने सारवलेली गार जमीन, चाळीस पोरं, अंगात एकेक सदरा, आणि सगळे एका सुरात हिमालयाची कविता म्हणतोय. कवितेत बर्फ पडतोय, डोंगर पांढरी शाल पांघरतायत, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आमचे दात कडकड वाजतायत. गुरुजी छडी आपटून म्हणायचे, "दात आवरा रे, वृत्त बिघडते!"

भोजराज नावाच्या एका पोराने विचारलं, "गुर्जी, बर्फ म्हंजे काय?" गुरुजींनीही बर्फ कुठे पाहिला होता? त्यांनी खिडकीबाहेर तळ्याकडे बोट केलं. तळ्यावर धुकं होतं. म्हणाले, "थे पाय. थेच. फक्त जरासं घट्ट झालं का बर्फ."

मी ते खरं मानलं. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर गेलं म्हण ना.

पण पत्र लिहायचं कारण हे नाही. कारण तुझा निरोप. फोन तू माझा उचलत नाहीस आणि निरोप अमरजवळ देतेस. तोही दुकानात चार गिऱ्हाइकं असताना मला मोठ्याने वाचून दाखवतो: "काकाजी, गुड्डीताई म्हणते, वर्षश्राद्धाले आईचा धड फोटो असंल तरच येईन. नाही तर येणार नाही." झेरॉक्स काढायला आलेल्या शाळेच्या मास्तरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बापाला अट, आणि तीही पुतण्याच्या तोंडून!

आधारकार्डावरचा फोटो मोठा केला, तर तेरवीच्या दिवशी तू तो पाहून बाहेर निघून गेलीस. तो वाईट होता, मला कळत नाही का? डोळे अर्धे मिटलेले, मान खाली, मोठा केल्यावर नुसते चौकोन चौकोन. पण दुसरा नव्हता, त्याला मी काय करणार? तुझ्या आईला फोटो काढून घ्यायला आवडत नसे. कॅमेरा दिसला की पदर सावरून आत जायची. तुझ्या लग्नातसुद्धा चुलीपाशी जाऊन बसली. सगळ्या साकोलीला माहीत आहे. यात माझा दोष कोणता ते एकदा लिहून कळव.

सत्तावीस जानेवारीला वर्षश्राद्ध आहे. धनंजयरावांना नमस्कार. भिलाईत थंडी कशी आहे?

तुझा,
बाबा


साकोली
मंगळवार, १६ डिसेंबर

चि. गुड्डी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहीन, तू फाडत राहा.

तुझ्यासाठी मी नऊ दिवस पेट्या उपसल्या. एकतीस डबे निगेटिव्हचे. सत्तेचाळीस हिवाळे. शिवनीबांधच्या तळ्यावरची सकाळ, कारध्याला वैनगंगेवर उठलेली वाफ, पानं झडलेले मोह, लाखोरीच्या वावरांत उभे असलेले धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे, दंव पडून पांढरी झालेली बैलगाडीची वाट. डोळे गेले पाहून पाहून. तुझी आई नाही. तुझी आईच काय, कोणीच नाही. एक माणूस नाही.

आता तू म्हणशील, असा कसा फोटोवाला? ऐक. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत स्टुडिओत मी काय पाहायचो? चेहरे. हनुवटी वर, हनुवटी खाली, ओठ मिटा, डोळे उघडा, मुलीला दाखवायचंय तर जरा हसा. लग्नाचे चेहरे, रेशनकार्डाचे चेहरे, मेलेल्यांचे चेहरे. विटलो होतो. हिवाळ्यातली एक सकाळ मला बिनचेहऱ्याची हवी होती. चौथीच्या कवितेतल्यासारखी. आणि तेवढीही मिळत नसे! तासभर उकिडवं बसून उजेडाची वाट पाहावी, आणि बरोबर त्या क्षणी कोणीतरी डबा घेऊन तळ्याच्या काठी येऊन बसावं. गुराखी यायचा. शिंगाडेवाल्याची डोंगी मधोमध यायची. "फोटोमास्तर, मी येऊन राहिलो का फोटोत?" "येऊन राहिला ना बाप्पा, म्हणून तं बोंबलतो!"

इकडे अमरने नवा ताप दिलाय. माझे फोटो तो मोबाईलवर घेतो आणि त्यात रंग भरतो. तो भरत नाही, यंत्र भरतं. काल दाखवला: पळस हिरवागार, पाणी निळं, आभाळ गुलाबी. डिसेंबरात पळस असा असतो का? मी म्हटलं, "काहून रे, हा तपकिरी रंग मी महिनाभर मरमर करून आणला, तो तुले मळलेला वाटला का?" तर म्हणतो, "काकाजी, कलरले लाईक भेटते."

त्याला कोण सांगणार की तो रंग कसा येतो. काळा-पांढरा फोटो आधी एका पाण्यात टाकायचा, त्यात तो पुसत जातो, जवळजवळ कोरा होतो. मग दुसऱ्या पाण्यात टाकला की तोच फोटो परत येतो, पण आता विड्याच्या पानातल्या काताच्या रंगाचा. गेलेलं परत येताना रंग बदलून येतं. मी हे तुझ्या आईला एकदा कवितेसारखं समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "वास पाहा. कोंबडीनं अंडी सडवली का कुठी?" त्या दुसऱ्या पाण्याचा वास तसाच येतो. म्हणून तिने ते काम घरातून काढून मागच्या वाडीत हलवलं. फोटो धुवायची मात्र तीच. तासभर, पाणी बदलत बदलत, जानेवारीच्या थंडीत. माझ्या हातून घाईत फोटो फाटायचे, तिच्या हातून एकही फाटला नाही.

अमरने आणखी एक ठरवून टाकलंय, मला न विचारता. नाताळाच्या सुट्टीत मंगल कार्यालयात माझ्या फोटोंचं प्रदर्शन. मी म्हटलं, रंगीत लावशील तर मी आग लावीन. कबूल झालाय. बैठकीतला मोठा फोटोही नेणार, 'शिवनीबांध, सकाळ, १९७४'. तो तरी तुला आठवत असेल. त्याच्याखाली बसून तू पाढे पाठ केलेस.

डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली. थांबतो.

बाबा


साकोली
सोमवार, २९ डिसेंबर

चि. गुड्डी,

प्रदर्शन संपलं एकदाचं. असा वैताग जन्मात आला नाही.

तीन दिवस गर्दी होती, पण पाहत कोण होतं? प्रत्येक जण फोटोजवळ नाक नेऊन आपलं कोणीतरी शोधत होता. कारध्याच्या फोटोपुढे श्यामराव अर्धा तास उभा. मला वाटलं, वाफेवरचा उजेड पाहतोय. तर म्हणतो, "मास्तर, आमचा बाप रोज सकाळी याच घाटावर राहे. दिसून नाही राहिला." मी म्हटलं, "हा नदीचा फोटो आहे." तर तो म्हणतो, "हाव, पण थो नदीवरच राहे ना." पुंजण्यांच्या फोटोपुढे दोन बाया भांडल्या, हे वावर कोणाचं म्हणून. एकाने विचारलं, "यात बैल काहून नाही? गाडीची वाट आहे, तर बैल कुठी गेले?" मी काय सांगू? बैल पुढे जाईपर्यंत मी थांबलो होतो म्हणून?

"बाप्पा, काय खाली खाली करून ठेवलं गाव," एक म्हातारी म्हणाली. "पटकीच्या साथीत गेल्यासारखं."

शेवटच्या दिवशी कौशल्याबाई आल्या. आपल्या शेजारच्या. काठी टेकत, सुनेला धरून. त्यांना आता कमी दिसतं, पण सरळ बैठकीतल्या त्या फोटोपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पळसाच्या बाजूला बोट टेकवलं, काचेवर ठसा उमटला.

"हे शिवनीचा बांध ना, मास्तर?"

"हो."

"यात मी होती."

सून हसली. म्हणाली, "आत्याबाई, यात कोणी नाही."

"अवं, होती ना! मी अन् निर्मला. हेच झाड. थंडीनं मरून राहिलो होतो अन् मास्तर ओरडून राहिले, हालू नका, हालू नका." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर: "मास्तर, आमाले काहाडून टाकलं का तुमी?"

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. अमरसुद्धा मोबाईल खाली घेऊन उभा. मी म्हटलं, "पन्नास वर्षं झाली कौशल्याबाई, तुम्हाला दुसरी कुठली तरी सकाळ आठवत असेल."

त्यांनी काचेवरचा बोटाचा ठसा पदराने पुसला आणि गेल्या.

म्हाताऱ्या माणसांचं असंच होतं, एकात एक मिसळतं. तुला कोणी काही सांगितलं, तर मनावर घेऊ नकोस. म्हणून आधीच लिहितोय.

बाबा


साकोली
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

गुड्डी,

तुझा निरोप अमरने वाचून दाखवला नाही. मोबाईल माझ्या हातात दिला आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. वर्षभरात थेट मला लिहिलेलं तुझं पहिलं अक्षर:

"कौशल्यामावशीचा फोन आला होता. आई त्या फोटोत होती का? हो की नाही एवढंच लिहा. कविता नको."

हो.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण तू माझी मुलगी आहेस, 'हो'वर भागणार नाही. आणि कविता नको म्हणतेस, तर घे, कवितेशिवाय सांगतो. सांगता येतं का पाहतो.

लग्नाला सहा महिने झाले होते. १९७४चा डिसेंबर. ती म्हणाली, "मलेही दाखवा ना कुठी जाता रोज सकाळी." नवी सून एकटी नवऱ्याबरोबर बांधावर जाते हे बरं दिसलं नसतं, म्हणून कौशल्याबाई सोबत आल्या. धुकं असं होतं की कॅमेऱ्याच्या काचेत काही दिसेना. धुक्यात फोकस साधत नाही, पाहायला काहीतरी काळं, ठळक लागतं. मी दोघींना म्हटलं, त्या पळसाजवळ जाऊन उभ्या राहा, हालू नका. निर्मलाने गडद लुगडं नेसलं होतं, सणाचं. फोकस लागला. आता त्यांना बाजूला व्हा म्हणणार, तेवढ्यात पूर्वेकडून उजेड आला, गुड्डी, तसा उजेड मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मी खटका दाबला. मग ढग आला आणि सगळं संपलं. फिल्मवर तो एकच.

त्यांना वाटलं, त्यांचा फोटो काढला. का नाही वाटणार? नवऱ्याने उभं केलं, हालू नका म्हणाला, कॅमेरा तिकडे केला. निर्मला येताना सगळ्या वाटेने हसत होती. आईच्या घरी एक पाठवू म्हणाली.

निगेटिव्ह धुतली. उजेड तसाच आला होता. आणि त्या उजेडात दोन ठिपके. मला ते डाग वाटले. खरं लिहितोय. स्वतःची बायको डाग वाटली. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळ्या लुगड्याची जागा पांढरी, उघडी दिसते. ती जागा मी बारीक कुंचल्याने लाल रंगाने भरून टाकली. स्टुडिओत आम्ही देवीचे व्रण असेच भरायचो. दोन दुपारी लागल्या. काम इतकं सफाईचं झालं की मलाच त्या कुठे होत्या ते सांगता आलं नसतं.

फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला. ती हात पुसत आली. पुष्कळ वेळ पाहिलं.

"आमी कुठी गेलो?"

"धुकं दाट होतं," मी म्हटलं. "तुम्ही दोघी आल्या नाहीत."

पळस दिसत होता, गुड्डी. त्याची एकेक फांदी दिसत होती. ती ज्या झाडाला टेकून उभी होती ते झाड आलं आणि ती आली नाही.

ती म्हणाली, "पळस बरा आला." आणि आत गेली.

त्यानंतर मी कधी कॅमेरा वळवला की म्हणायची, "राहू द्या. मी फोटोत येत नाही." मी ते तिच्या हट्टावर घातलं. पुढे पुढे मला खरंच तसं वाटू लागलं. सगळ्या साकोलीला मीच सांगितलं की तिला आवडत नाही. सात डिसेंबरच्या पत्रात तुलाही तेच लिहिलं.

तुझा मामा तेरवीला बोलून गेला ते तू ऐकलं नाहीस, तू तोवर बाहेर गेली होतीस. आंधळगावहून आलेला, ताटावर बसलेला माणूस उठला आणि पंगतीत म्हणाला, "पन्नास वर्षं घरात कॅमेरा, अन् माह्या बहिणीचा फोटो सरकारनं काहाडला." न जेवता निघून गेला. परत या दारात पाय ठेवणार नाही म्हणाला, आणि मधुकरराव बोललेलं मोडत नाही. मला त्याचा राग आला होता. वर्षभर होता. आज कशाचा राग करू ते कळत नाही.

लिहिलं. पाठवतो. उद्या पाठवायची हिंमत होणार नाही, म्हणून आत्ताच अमरला पोस्टात पिटाळतोय.

बाबा


साकोली
गुरुवार, १५ जानेवारी

गुड्डी,

सोबत पुठ्ठ्यात घालून एक फोटो पाठवतोय. वाकवू नकोस. आधी पत्र वाच.

तो लाल रंग पाण्यात निघतो. मला हे पन्नास वर्षं माहीत होतं. निगेटिव्हवर पेन्सिल चालवली असती तर वेगळं, पण हा रंग धुतला की जातो. म्हणजे कुठल्याही दिवशी, तुझी आई असताना, मी तो धुऊ शकलो असतो. धुतला नाही, कारण फोटो चांगला होता. हे तू वाचशील तेव्हा काय म्हणशील ते मला ऐकू येतंय.

अमरला म्हटलं, परात आण. तो म्हणाला, "काकाजी, मी यंत्रानं पाहू का? थे यंत्र चेहरा बनवून देते." मी इतका ओरडलो की कौशल्याबाईंची सून भिंतीवरून डोकावली. बनवून देते! ज्याने निर्मलाला पाहिलं नाही ते यंत्र तिचा चेहरा बनवणार, गुलाबी आभाळासारखा!

जुनी निगेटिव्ह, भीती होती की वरचा थरच सुटेल. गार पाणी घेतलं, वाडीत, सकाळी. कोमट चालत नाही. अमोनियाचे चार थेंब. हात इतके गारठले की मला बोटं कळेनात. पहिल्यांदा समजलं, ती चाळीस वर्षं काय करत होती. बाहेरून पाहत होतो तेव्हा फोटो दिसायचा, हात दिसत नव्हते. रंग सुटायला लागला, पाणी किंचित गुलाबी झालं. मग मी परात कलती केली आणि उजेडाकडे धरली.

दोघी उभ्या होत्या.

एन्लार्जर अमरच्या दुकानामागे झेरॉक्सच्या कागदांखाली पुरलेला. दिवा लागला, हेच नवल. कागद जुना, जरा काळवंडलेला. तीन फुकट गेले, चौथा बरा. मग दोन्ही पाण्यांतून काढला, धुतला. मीच धुतला. एक कोपरा फाटला, तो पाहू नकोस.

कौशल्याबाईंना बोलावून दाखवला. त्यांनी भिंग लावलं. म्हणाल्या, "हे मी. मी हालली, पाहा ना, मुंडीच नाही मले. थे निर्मला. थे नाही हालली."

खरं आहे. खटका सावकाशीचा होता, कौशल्याबाई धुरासारख्या झाल्यात. तुझी आई मात्र खांबासारखी स्थिर. हातात माझा न्याहारीचा डबा आहे. लुगड्याची किनार दिसते. आणि चेहरा...

चेहरा नाही, गुड्डी. म्हणजे आहे, पण तांदळाच्या कणीएवढा. मी वाढवत गेलो, बशीएवढा केला. नुसते दाणे. डोळे कुठे, नाक कुठे, काही नाही. वाळू सांडल्यासारखं. इतक्या लांब उभं केलं होतं मी तिला.

म्हणजे तुझ्या अटीप्रमाणे हा धड फोटो नाही. मी तुला फसवत नाही. हार घालायला हा चालणार नाही, लोक पुन्हा नाक नेऊन विचारतील, यात कोण आहे. मी तीन दिवस डोकं धरून बसलोय. तिचा चेहरा मला डोळ्यांपुढे येतो, पण कागदावर आणायचं कुठलं पाणी माझ्याकडे नाही. आठवणही धड नाही. नाक आठवलं की डोळे जातात. साकोलीतले पाच हजार चेहरे मी काढले असतील, कोणाची हनुवटी कशी ते आजही सांगतो. हिची विचारलीस तर अडखळतो.

येऊ नकोस म्हणत नाही. ये असंही म्हणायला तोंड नाही. तू ठरव. बैठकीतला जुना फोटो मी उतरवला. भिंतीवर चौकोनी पांढरी जागा राहिलीय, ती पाहून अमर म्हणतो, "इथं टीव्ही बसंल." याचं काय करावं तेही कळव.

बाबा


साकोली
गुरुवार, २२ जानेवारी, सकाळी नऊ

गुड्डी,

फोटो पोचला का? अमर म्हणतो, पार्सल पोचल्याचं मोबाईलवर दिसतं. पोचलंय हे दिसतं, तू काय म्हणालीस ते दिसत नाही. कशाला ही यंत्रं?

पाच दिवस राहिले. भटजी विचारून गेले, फोटो कुठला ठेवणार? मी म्हटलं, नुसता पाट मांडू, त्यावर तिचं गडद लुगडं घडी करून ठेवू. भटजी म्हणाले, "तसं कुठं राहते काय?" नसतं. मलाही माहीत आहे. पण सरकारी फोटो मी आता

थांब. दार वाजतंय. अमर असेल, किल्ली विसरला असेल नेहमीसारखी.


साडेनऊ

अमर नव्हता. घाईत लिहितोय, अक्षर लागलं तर लाव.

दार उघडलं आणि मी मागे सरलो. दारात तुझी आई उभी होती. धोतर नेसलेली, डोक्यावर टोपी, पण चेहरा तिचा. तीच हनुवटी, जराशी डावीकडे वळलेली. मला दहा दिवसांपासून सापडत नव्हती ती हनुवटी. तोच वरचा ओठ, पातळ, रागावल्यासारखा आणि हसू दाबल्यासारखा.

"काय पायता भाऊजी? वळखलं नाही काय?" आवाज ऐकला तेव्हा कळलं. तुझा मामा. मधुकरराव.

तो पंचवीस वर्षांचा असल्यापासून मी त्याला मिशीशिवाय पाहिलेलं नाही. झुबकेदार, कानापर्यंत वळवलेली. तिच्याखाली काय आहे ते कोणाला माहीत होतं? त्याने ती सफा काढली आहे. ओठावरची जागा गोरी, पोराच्या गालासारखी.

"गुड्डीनं पत्रं वाचून दाखवले फोनवर," तो म्हणाला. "सगळे. रडे अन् वाचे. म्हणे, मामा, चेहरा नाही भेटला. मी म्हटलं, काहून नाही भेटत? आमची माय म्हणे, दोन लेकरं अन् साचा एक. तुमी त्या पाटलाच्या पोराले बसवून त्याच्या मेलेल्या बापाचा फोटो बनवला होता ना? मंग मले बसवा. वरून लुगडं टाका, टिकली लावा, काय लावाचं थे लावा. मी काही म्हणत नाही."

मी म्हटलं, "मधुकरराव, आत तर या." तर म्हणतो, "आत येत नाही म्हटलं होतं, येत नाही. इथं दारात बसतो, उजेड पण इथं बरा आहे." उंबऱ्याबाहेरच स्टूल ओढून बसला आहे, गुडघ्यावर हात ठेवून, पाठ ताठ.

मी कॅमेरा आणतो म्हणून आत आलो आणि हे लिहितोय. बाहेरून त्याची हाक येतेय:

"लवकर करा भाऊजी! आंधळगावपासून इथंवर बसमध्ये सगळे विचारून राहिले, मिशी काढली, घरी कोण मेलं म्हणून. मी सांगतलं, बहीण."